शाळेच्या नळाचा हिशेब

जबलपुरात पत्ता विचारला की उत्तरात वारंवार एखादा तलाव येतो. राणीताल, चेरीताल, आधारताल, हनुमानताल. गढा-मंडल्याच्या गोंड राजवटीत या परिसरात बावन्न तलाव होते, असे शहरात परंपरेने सांगितले जाते. राणीतालाचा संबंध राणी दुर्गावतीशी, चेरीतालाचा तिच्या दासीशी आणि आधारतालाचा तिचा दिवाण आधारसिंह याच्याशी जोडला जातो. राणी १५६४ मध्ये मोगल सैन्याशी लढताना धारातीर्थी पडली. आज राणीताल म्हटले की क्रीडांगण आठवते आणि चेरीताल म्हटले की वस्ती. कांचघर हेही याच शहरातील मोहल्ल्याचे नाव. त्यात पाणी नाही, काच आहे. तिथे वाढणाऱ्या मुलाची पाण्याशी पहिली ओळख तलावाच्या काठावर होत नाही, ती नळाखाली होते.

हा नळ १८८३ मध्ये खंदारी जलाशयाबरोबर शहरात आला. त्या कामासाठी पैसा उभा करणाऱ्यांत राजा गोकुळदास यांचे नाव अग्रभागी होते. आरोग्याच्या दृष्टीने ती मोठीच प्रगती होती, यात शंका नाही. परंतु एक बदल नकळत घडला. तलावातले पाणी किती उरले, हे पायऱ्यांवरून दिसत असे. नळातले पाणी असते किंवा नसते, मधली अवस्था डोळ्यांना दिसत नाही. साठा नजरेआड गेला, म्हणजे तो मोजण्याची गरज निर्माण झाली. शाळांतील पर्यावरण लेखापरीक्षणाची गोष्ट खऱ्या अर्थाने इथून सुरू होते, जरी ते नाव यायला पुढे शतक उलटावे लागले.

मोजण्याचा आग्रह धरणारा एक माणूस जबलपुराशी थेट संबंधित आहे. पॅट्रिक गेडिस हा मूळचा स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ १९१४ मध्ये भारतात आला आणि त्याने अनेक नगरांची पाहणी करून अहवाल लिहिले. जबलपूर नगरपालिकेसाठीचा त्याचा अहवाल १९१७ चा आहे. आधी पाहणी, मग निदान, मग उपचार, तोही शक्य तितका कमी कापाकापी करून, ही त्याची पद्धत वैद्याची होती. मलेरियाच्या भीतीने तलाव बुजवण्याच्या त्या काळच्या घाईला त्याने विरोध केला. तलाव स्वच्छ ठेवा, त्यांत डासांच्या अळ्या खाणारे मासे सोडा, असे तो सांगे. गावाची पाहणी हे केवळ अभियंत्याचे काम नाही, नागरिकांनी आणि विद्यार्थ्यांनीही ती करावी, हा त्याचा विचार शाळांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा. १९१९ मध्ये तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र विभागाचा पहिला प्राध्यापक झाला. ब्रिटनमध्ये १९३० च्या दशकात डडली स्टॅम्पच्या नेतृत्वाखाली देशभरातील जमिनीच्या वापराची नोंद झाली. शेत कुठे, कुरण कुठे, पडीक जमीन कुठे, हे नकाशावर भरणाऱ्यांत शाळकरी मुलांचा मोठा वाटा होता. दुसऱ्या महायुद्धात अन्नोत्पादनाचे नियोजन करताना हेच नकाशे उपयोगी पडले. मुलांनी केलेली मोजणी खेळ ठरली नाही.

भारतात याच सुमारास वर्ध्यात वेगळ्या वाटेने तोच विचार पुढे आला. ऑक्टोबर १९३७ च्या वर्धा परिषदेतून नई तालीम आकाराला आली. जबलपूर तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात होते, राजधानी नागपूर. १९५६ पर्यंत मराठी विदर्भ आणि हिंदी महाकोशल एकाच शिक्षणखात्याखाली होते. त्या प्रांतात रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना मांडली. शाळेला जमीन द्यावी आणि तिच्या उत्पन्नावर शाळा चालावी, अशी ती कल्पना होती. ती फार टिकली नाही, आणि मुलांच्या श्रमावर शाळेचा खर्च टाकण्याविषयीच्या शंका अगदीच निराधार नव्हत्या. तरी एक गोष्ट तिथे स्वाभाविक होती: सूत किती निघाले, भाजी किती पिकली, सोनखत किती झाले, याची नोंद हाच अभ्यास. सेवाग्रामची नई तालीम शाळा पुढे बंद पडली आणि आनंद निकेतन या नावाने २००५ मध्ये पुन्हा उभी राहिली.

नर्मदेच्याच काठी, जबलपुराहून खालच्या बाजूला, होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये १६ माध्यमिक शाळांतून विज्ञान शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी तो सुरू केला, १९७८ मध्ये तो जिल्हाभर पसरला, १९८२ पासून एकलव्य संस्थेने त्याची धुरा वाहिली. पुस्तकातील उत्तर पाठ करण्याऐवजी आसपासच्या गोष्टी मोजून निष्कर्ष काढायचा, हे त्याचे सूत्र. तीस वर्षे चाललेला हा कार्यक्रम २००२ मध्ये राज्य सरकारने बंद केला. शालेय लेखापरीक्षणाच्या इतिहासात त्याचा उल्लेख क्वचितच होतो. तो व्हायला हवा, कारण ज्या मुलाला मोजता येते त्यालाच पुढे लेखापरीक्षण करता येते.

‘लेखापरीक्षण’ हा शब्द मात्र शाळेतून आला नाही, कारखान्यातून आला. भारत सरकारने मार्च १९९२ मध्ये प्रदूषण-परवाना घेणाऱ्या उद्योगांना दरवर्षी पर्यावरण लेखापरीक्षण अहवाल देणे बंधनकारक केले. पुढच्याच वर्षी त्याचे नाव बदलून ‘पर्यावरण विवरण’ झाले. परीक्षण म्हटले की परीक्षक बाहेरचा हवा. विवरण आपले आपण देता येते. बदल एका शब्दाचा असला, तरी तो निरुपद्रवी म्हणता येणार नाही.

शिक्षणाच्या बाजूने न्यायालयाने दार उघडले. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९१ मध्ये पर्यावरण हा विषय शिक्षणात अनिवार्य करण्याचे निर्देश दिले, आणि अंमलबजावणी रेंगाळल्यावर २००३ मध्ये पुन्हा बजावले. विषय आला, पुस्तक आले, गुणही आले. पृथ्वीवरील गोड्या पाण्याची टक्केवारी मुले लिहू लागली. स्वतःच्या शाळेत रोज किती पाणी लागते, हा प्रश्न त्या पुस्तकात बसत नव्हता.

तो प्रश्न विचारला दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने. अनिल अग्रवाल यांनी १९८० मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात कागद उद्योगाची पर्यावरणीय गुणवत्ता तपासून क्रमवारी लावली होती. २००५ च्या सुमारास तीच दृष्टी शाळांकडे वळली आणि ग्रीन स्कूल्स प्रोग्रॅम उभा राहिला. हवा, ऊर्जा, अन्न, जमीन, पाणी आणि कचरा ही सहा अंगे. प्रत्येकासाठी विद्यार्थ्यांचा गट. मोजणी मुलांची, आणि शेवटी शाळेला हिरवा, पिवळा, नारिंगी किंवा लाल रंग.

हे काम वाटते तितके सोपे नाही आणि वाटते तितके अवघडही नाही. समजा, कांचघरातल्या एखाद्या शाळेत ५०० विद्यार्थी आहेत आणि छत ५०० चौरस मीटरचे आहे. भारतीय मानकानुसार दिवसाच्या शाळेत माणशी रोज ४५ लिटर पाणी धरतात. वर्षाचे २२० दिवस धरले तर गरज ४९ लाख ५० हजार लिटर. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी देतो. जबलपुरात वर्षाला सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. पाचवा भाग वाया गेला असे धरले तरी छतावरून ५ लाख २० हजार लिटर मिळतात. म्हणजे गरजेच्या दहा टक्क्यांहून थोडे अधिक. भित्तिपत्रके सांगतात तसे पावसाचे पाणी शाळेचा प्रश्न सोडवत नाही. मानकातले ४५ लिटर खरोखर वापरले जातात का, हा त्यानंतरचा प्रश्न. अनेक शाळांत उत्तर ‘त्याहून बरेच कमी’ असे येते, आणि त्याचे कारण काटकसर नसून बंद स्वच्छतागृह असते. कमी वापर म्हणजे चांगला वापर, असे गृहीत धरणारा तक्ता इथे फसतो. पाळीच्या दिवसांत शाळा चुकवणाऱ्या मुलीचे पाणीही त्यात ‘बचत’ म्हणूनच मोजले जाते. म्हणून पाण्याच्या आकड्याशेजारी नळांची, चालू स्वच्छतागृहांची आणि त्या दिवशीच्या हजेरीची नोंद असणे अत्यावश्यक.

दुसरी अडचण कुंपणाची आहे. सहाही अंगांची मोजणी शाळेच्या भिंतीशी थांबते. पाणी कोणत्या जलाशयातून आले आणि सांडपाणी कोणत्या नाल्याने कुठे गेले, हे शोधायला फाटकाबाहेर पडावे लागते. गेडिसच्या पाहणीत तलाव, गल्ली, विहीर आणि शाळा एकाच नकाशावर असत. जबलपुरात असा नकाशा मुलांनी काढायचा ठरवला, तर सुरुवातीला हनुमानताल आणि आधारताल सापडतील. चेरीतालापाशी पोहोचल्यावर नकाशावर कोणता रंग भरायचा, ते तिथेच ठरवावे लागेल.