टाकलेल्या दगडाचा मालक कोण?

मंडळी, आज चांदीच्या खाणींबद्दल बोलायचंय. पण चांदीपेक्षा जास्त, खाणीबाहेर टाकून दिलेल्या दगडाबद्दल.

अथेन्सच्या आग्नेयेला लॉरियन नावाची जागा आहे. इ.स.पू. ४८३ च्या सुमारास इथल्या चांदीतून थेमिस्टोक्लिसने लढाऊ जहाजं बांधून घेतली आणि तीन वर्षांनी सालामिसला इराणी आरमार हरलं. खाणीत राबायचे ते गुलाम. दगड फोडायचा, निवडायचा, धुवायचा. शिसं आणि चांदी असलेला जड माल भट्टीत जायचा, बाकीचा ढिगाऱ्यावर. भट्टीतून निघालेली मळीही तिथेच शेजारी पडायची.

या ढिगाऱ्यांकडे लोक पुन्हा वळले ते फार लवकर. भूगोलकार स्ट्रेबो लिहितो की खाणी आटल्यावर कामगार जुना टाकाऊ माल आणि मळी पुन्हा वितळवत होते, आणि त्यातून चांदी मिळत होती. कारण जुन्या लोकांना भट्टी नीट जमत नव्हती. आता बघा, हे दोन हजार वर्षांपूर्वीचं निरीक्षण आहे! टाकाऊपणा दगडात नसतो, भट्टीत असतो.

खरी गंमत एकोणिसाव्या शतकात झाली. १८६० च्या दशकात सेरपिएरी हा इटालियन उद्योजक फ्रेंच भांडवल घेऊन आला आणि जुनी मळी वितळवून शिसं काढू लागला. मळीचा करार होता. पण शेजारचे दगडांचे ढीग? कंपनी म्हणाली, तेही आमचेच. ग्रीक सरकारने १८७१ मध्ये कायदा करून सांगितलं, ते राष्ट्राचे. झालं, इटली आणि फ्रान्स आपल्या लोकांच्या बाजूने उभे राहिले आणि प्रकरण राजनैतिक पेचापर्यंत गेलं. १८७३ मध्ये सिंग्रोस या सावकाराने कंपनी विकत घेतली, शेअर लोकांमध्ये विकले गेले. ढिगाऱ्यांत सोनं आहे अशी आवई उठली होती. भाव चढले, मग कोसळले, आणि साधी माणसं बुडाली. सावकार मात्र बुडाला नाही, हेही सांगायला हवं.

गोव्यातल्या श्रोत्यांना हे ओळखीचं वाटेल. डिचोली-सांगे भागातल्या लोहखनिजाच्या डंपांना कित्येक वर्षं कुणी विचारत नव्हतं. चीनची मागणी वाढली आणि कमी प्रतीचा मालही जहाजावर चढू लागला. मग तोच प्रश्न: लीजच्या हद्दीबाहेर टाकलेला दगड कोणाचा? २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तर लीजबाहेर डंप टाकायलाच मनाई केली. पण जे आधीच पडून होते, त्यांचा हिशेब पुढेही चालूच राहिला.