कलमतराश

आमचे आजोबा पटवाऱ्याच्या हाताखाली लिहायला होते. निजामाचं राज्य. सरकारी दफ्तर उर्दूत, गावातला हिशेब मोडीत. लागायचा मात्र दोन्हीला बोरूच. बोरू झिजला की त्यांच्या बंडीच्या खिशातून घडीचा चाकू निघायचा. त्याला ते कलमतराश म्हणत. आधी तिरका काप, मग टोकाला बारीक चीर. सांगायचे, "चीर बिघडली की शाई ओघळती, लेकरा. अन् मग एखाद्याचं शेत कागदावरून पुसलं जातं."

१७ सप्टेंबर १९४८ला निजामाचं राज्य गेलं. उर्दू दफ्तर गेलं, मोडी मागं पडली, बोरूही गेला. पुढं टाक, मग बॉलपेन. चाकू देवळीत पडून राहिला. मी नऊ वर्षांचा असताना तो भंगारवाल्याला दिला अन् गुडदाणी घेतली. आजोबा रागावले नाहीत. संध्याकाळी नुसते देवळीत हात फिरवत राहिले.

आता मी छत्रपती संभाजीनगरात जाफर गेटच्या रविवार बाजारात घडीचे जुने चाकू धुंडाळतो. डब्यात सतरा जमलेत. खटक्याचा एक रामपुरी आहे. विलायतेतल्या शेफील्डच्या रॉजर्सचे दोन आहेत. त्यांच्या पात्यावर चांदणी अन् क्रूस आहे, ती त्या घराण्याची जुनी खूण.

विकणारा म्हणतो, "काका, याला धार नाही राहिली."

धार कुणाला पाहिजे? मी पातं उघडून बुडाशी शाईचा डाग बघतो.

अजून सापडला नाही.