धुराचा पत्ता

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, कॅनडाच्या सीमेला भिडलेला रॉस लेक हा लांबलचक जलाशय आहे. उन्हाळ्यात पाठीवर सॅक घेऊन निघालेले भटके त्याच्या काठावरून डेसोलेशन पीकचा खडा चढ चढतात, ते ६,१०२ फुटांवरच्या एका लाकडी खोपटासाठी. कादंबरीकार जॅक केरुअ‍ॅक १९५६ च्या उन्हाळ्यात वणव्यांवर नजर ठेवायला तिथे ६३ दिवस राहिला होता, त्यामुळे खोपटाची कीर्ती साहित्यातही पोचली. अशा ठिकाणाला तिकडे ‘फायर लुकआउट’ म्हणतात. टेहळणी करणारा माणूस आणि त्याचे घर, दोघांनाही हा एकच शब्द. साहजिकच लुकआउटची कुळकथा म्हणजे उंची, नजर आणि एकांत यांची कथा, असा समज रूढ झाला आहे. माझ्या मते या कुळाचा मूळपुरुष खोलीच्या मधोमध उभा असतो आणि बहुतेक पाहुणे त्याला जुने सामान समजून पुढे जातात. तो म्हणजे अंशांच्या खुणा असलेली एक धातूची चकती.

१९१० च्या ऑगस्टमध्ये, २० आणि २१ तारखेला, आयडाहो आणि मोंटाना भागात वाऱ्याने वणवे एकत्र भडकवले. त्या आगीत सुमारे ३० लाख एकर जंगल जळाले, ऐंशीहून अधिक माणसे गेली, आणि त्यांतले बहुतेक आग विझवायला गेलेले होते. अवघ्या पाच वर्षांच्या अमेरिकी वनसेवेने यातून धडा घेतला तो असा, की आग लहान असतानाच गाठली पाहिजे. पण गाठायची तर ती कुठे आहे हे कळायला हवे. डोंगररांगांमागून वर येणारा धूर अंतराबाबत हमखास फसवतो. ‘तिकडे धूर दिसतोय’ या निरोपावर कुऱ्हाड-फावडे घेऊन कोणी कुठे जायचे? वनसेवेतल्या विल्यम ऑस्बोर्नने याच दशकात त्यावर तोड काढली, ती म्हणजे ही चकती. गोल नकाशा, त्याच्या केंद्रस्थानी टेहळणीची जागा, भोवती अंशांचे कडे आणि त्यावर फिरणारी दोन दर्शके: एकाला बारीक छिद्र, दुसऱ्यात ताणलेला घोड्याचा केस. छिद्रातून पाहत केस धुरावर आणला की कड्यावर कोन वाचता येतो. दुसऱ्या शिखरावरच्या माणसाने आपला कोन कळवला, की दोन रेषा नकाशावर जिथे छेदतात तिथे आग. भूमापकांना हे गणित जुनेच होते. मोजणी न शिकलेल्या माणसाच्या हाती ते सोपवणे, हे नवे होते.

यावर कोणी म्हणेल, मेनसारख्या राज्यात १९०५ च्या सुमारासच लाकूडवाल्यांनी डोंगरावर पहारा बसवला होता. मग चकती मूळपुरुष कशी? पहारा जुनाच आहे, माणूस उंचावर चढून पाहतच आला आहे. पण नंतर सर्रास उभारल्या गेलेल्या १४ बाय १४ फुटांच्या खोलीची रचना पाहावी. चारी भिंतींना खिडक्या, सामान खिडक्यांच्या खाली आणि मध्यभागी चकती. हे घर राहणाऱ्याच्या सोयीने आखलेले नाही. चकतीला चहूकडे मोकळी नजर मिळावी म्हणून आखलेले आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शिखरापर्यंत टेलिफोनची तार गेली नसती तर कोन कोणाला सांगणार? खरे आहे. मात्र तार शब्दच वाहून नेते. देखावा नेत नाही. देखाव्याचे दोन आकड्यांत रूपांतर झाले, तेव्हा कुठे तारेला वाहून न्यायला काही मिळाले.

पुढे विमाने आणि उपग्रह आले आणि हजारोंनी बांधलेल्या या खोल्यांपैकी बहुतेक ओस पडल्या. म्हणजे चकतीचे काम संपले का? उपग्रहही शेवटी अक्षांश-रेखांशच पाठवतो. पहारेकरी बदलला, निरोपाचा साचा तोच राहिला. या यशाची किंमतही मोजावी लागली. १९३५ मध्ये वनसेवेने नियम केला की दिसलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आली पाहिजे. अधूनमधून जळणे ज्यांच्या स्वभावातच होते अशा जंगलांत मग पालापाचोळा आणि झुडपे साठत गेली, मोठ्या वणव्यांना सरपण मिळाले, आणि १९७० च्या दशकात तो नियम सोडावा लागला. दोष चकतीचा नव्हता. तिला ‘कुठे’ एवढेच विचारले होते आणि तिने ते चोख सांगितले. ‘विझवायची का’ हा प्रश्न मात्र, पत्ता हाती आल्याच्या आनंदात, कितीतरी वर्षे कोणी विचारलाच नाही.