चांदीचा बिल्ला ते निळा बिल्ला: न दिसणाऱ्या अपंगत्वाचा इतिहास

१/
व्हीलचेअरचे चित्र रंगवलेल्या जागेत एक मोटार थांबते. चालक उतरतो आणि आपल्या पायांनी चालत जातो. पाहणाऱ्यांचा निवाडा तत्क्षणी तयार होतो: "हा तर धडधाकट आहे!" हा निवाडा कधी अचूक असतो, तर कधी घोर अन्यायाचा. केवळ नजरेने अपंगत्व ठरवण्याच्या या सवयीचा आणि तिच्याविरुद्ध कायद्याने शोधलेल्या उपायांचा हा मागोवा.

२/
सवलतीचा खरा हक्कदार कोण, हा प्रश्न मोटारींहून कितीतरी जुना आहे. इंग्लंडमधील १३८८ च्या केंब्रिज कायद्याने भिक्षा मागणाऱ्यांचे दोन वर्ग पाडले: काम करण्यास समर्थ आणि असमर्थ. १६०१ च्या दारिद्र्यविषयक कायद्याने लंगडे, आंधळे, वृद्ध व अशक्त यांच्या निर्वाहाचा भार स्थानिक पॅरिशवर टाकला.

३/
या व्यवस्थेत ज्याची व्याधी डोळ्यांना दिसे, त्याला आपली बाजू सहज मांडता येई. ज्याची व्याधी शरीराच्या आत दडलेली असे, त्याच्यावर 'सोंग करतो' असा आळ येण्याची भीती कायम होती. दया आणि संशय या दोन्ही गोष्टी युरोपीय समाजात हातात हात घालूनच वाढल्या.

४/
या संशयाचे विदारक रूप पहिल्या महायुद्धात दिसले. ऑगस्ट १९१४ मध्ये निवृत्त ॲडमिरल चार्ल्स पेनरोज फिट्झजेराल्ड यांनी फोकस्टोन या किनाऱ्यावरील गावी ३० स्त्रियांना एकत्र केले. गणवेशात नसलेल्या तरुणांच्या हाती पांढरे पीस द्यायचे, एवढेच त्यांचे काम होते. पांढरे पीस म्हणजे भ्याडपणाचा उघड शिक्का. ही प्रथा पाहता पाहता देशभर पसरली.

५/
साध्या कपड्यांतील प्रत्येक तरुण काही लढाई टाळणारा नव्हता. कोणी आघाडीवर जखमी होऊन सेवामुक्त झालेला, कोणाची फुप्फुसे निकामी झालेली, कोणाचे मन तोफांच्या भडिमाराने खचलेले. शर्टाखालचा व्रण किंवा रात्रीची झोप उडवणारी भीती रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला कशी दिसणार? ज्यांनी युद्धात आरोग्य गमावले, त्यांनाच भ्याड ठरवले जाऊ लागले.

६/
यावर उपाय म्हणून सप्टेंबर १९१६ मध्ये ब्रिटनने 'सिल्व्हर वॉर बॅज' सुरू केला. जखम वा आजार यांमुळे सेवामुक्त झालेल्या सैनिकाने हा चांदीचा बिल्ला नागरी पोशाखावर लावायचा. समोरून राजा व साम्राज्य यांच्या सेवेचा उल्लेख, मागे अनुक्रमांक. असे दहा लाखांहून अधिक बिल्ले दिले गेले. न दिसणारे अपंगत्व जगाला 'दिसावे' म्हणून शासनाने मोठ्या प्रमाणावर केलेला हा एक आरंभीचा प्रयत्न म्हणता येईल.

७/
मनाच्या जखमांना मात्र बिल्लाही पुरेसा ठरला नाही. १९१५ मध्ये डॉ. चार्ल्स मायर्स यांनी 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 'शेल शॉक' ही संज्ञा वापरून अशा रुग्णांचे वर्णन केले. तरीही अनेक लष्करी अधिकाऱ्यांच्या लेखी हा आजार नव्हता. ती दुर्बलता होती.

८/
त्या युद्धात पळून जाणे, भ्याडपणा इत्यादी आरोपांवरून ब्रिटिश सैन्याने ३०६ सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांतील काहीजण मानसिक आघाताने ग्रासलेले होते, असे आज मानले जाते. २००६ च्या सशस्त्र सेना कायद्याने या सर्वांना मरणोत्तर माफी मिळाली. निवाड्याला काही क्षण लागले होते. दुरुस्तीला ९० वर्षे लागली.

९/
याच युद्धाचा एक धागा वाहनतळापर्यंत पोहोचतो. मँचेस्टरच्या एका श्रमिक कुटुंबात १९२८ साली आल्फ मॉरिस यांचा जन्म झाला. त्यांचे वडील पहिल्या महायुद्धात विषारी वायूच्या माऱ्यात सापडले होते. ढासळलेल्या प्रकृतीमुळे, मुलगा लहान असतानाच ते वारले. अपंगत्वाचा भार संपूर्ण कुटुंबाला कसा वाहावा लागतो, हे मॉरिस यांनी बालपणीच पाहिले.

१०/
पुढे मॉरिस मजूर पक्षाचे खासदार झाले. १९६९ मध्ये खासगी विधेयकांच्या सोडतीत त्यांचे नाव पहिले निघाले आणि त्यांनी दीर्घकालीन आजारी व अपंग व्यक्तींसाठीचे विधेयक मांडले. एवढ्यात सार्वत्रिक निवडणूक जाहीर झाली. संसद विसर्जित होताच विधेयकही बारगळणार होते. अखेर २९ मे १९७०, म्हणजे विसर्जनाच्याच दिवशी, त्याला राजमान्यता मिळाली.

११/
या कायद्याच्या कलम २१ मधून मोटारीच्या काचेवर लावायचा 'ऑरेंज बॅज' जन्मला आणि १९७१ मध्ये ही योजना अमलात आली. त्यातील मर्म असे की बिल्ला वाहनाला दिला जात नसे, तो व्यक्तीला मिळे. ती व्यक्ती ज्या मोटारीतून प्रवास करील, तिलाच सवलत. १९७४ मध्ये मॉरिस ब्रिटनचे अपंग व्यवहार मंत्री झाले. असे खाते सांभाळणारे ते जगातील पहिले मंत्री मानले जातात.

१२/
त्याच सुमारास राखीव जागेवरचे चित्रही घडत होते. १९६८ मध्ये स्टॉकहोम येथे भरलेल्या स्कँडिनेव्हियन विद्यार्थ्यांच्या कार्यशाळेत सुझान कोफोड या डॅनिश विद्यार्थिनीने व्हीलचेअरचे रेखाचिन्ह काढले. मूळ चित्रात फक्त खुर्ची होती, माणूस नव्हता. कार्ल मॉन्टन यांनी वर एक वर्तुळ जोडले आणि खुर्चीत माणूस बसला. १९६९ मध्ये 'रिहॅबिलिटेशन इंटरनॅशनल' या संस्थेने हे चिन्ह स्वीकारले.

१३/
हे चिन्ह कोणत्याही भाषेविना समजते, आणि त्याचे यश त्यातच आहे. मात्र त्याने लोकांच्या मनात एक समीकरणही पक्के केले: अपंग म्हणजे व्हीलचेअरवरचा माणूस. वास्तविक अपंग व्यक्तींपैकी व्हीलचेअर वापरणारे अल्पसंख्य आहेत. हृदयविकार, फुप्फुसांचे विकार, संधिवात, मल्टिपल स्क्लेरोसिस, कृत्रिम पाय, यांपैकी काहीही असलेला माणूस मोटारीतून उतरून चालू शकतो. प्रश्न एवढाच की किती पावले, आणि कोणत्या किमतीवर.

१४/
राखीव जागेची रुंदीही विचारपूर्वक ठरलेली असते. ब्रिटनमधील वाहनतळांत २.४ मीटरच्या जागेलगत आणखी १.२ मीटर पट्टा मोकळा ठेवण्याची शिफारस आहे. दार पूर्ण उघडावे आणि खुर्ची बाजूला लावता यावी, यासाठी तो पट्टा. "पाचच मिनिटांसाठी" म्हणून कोणी तिथे दुचाकी उभी केली, तर मोटारीतल्या माणसाला उतरताच येत नाही. परतल्यावर असे घडले, तर त्याला स्वतःच्याच मोटारीत शिरता येत नाही.

१५/
सवलत आली तसा गैरवापरही आला. आजीच्या नावाचा बिल्ला नातवाने वापरायचा, मृत नातलगाचा बिल्ला परत करायचाच नाही, चोरलेला बिल्ला विकायचा, असे प्रकार ब्रिटनमध्ये वारंवार उघडकीस आले. अमेरिकेत १९९९ मध्ये लॉस एंजेलिसच्या प्रख्यात विद्यापीठातील डझनाहून अधिक आजी-माजी फुटबॉल खेळाडूंवर अपंगांचे पार्किंग परवाने लबाडीने मिळवल्याचे खटले झाले. मैदान गाजवणाऱ्यांनी अपंगांच्या जागा बळकावल्याने संतापाची लाट उसळली.

१६/
हा संताप रास्त होता. पण तो निघाला कोणावर? खोटा परवाना आणि खरा परवाना दुरून सारखेच दिसतात. त्यामुळे पाहणाऱ्यांचा राग पुष्कळदा अशा माणसावर निघतो, ज्याचा आजार खरा आहे पण नजरेस पडत नाही. गैरवापर करणारा अशा रीतीने दोनदा हानी करतो: एकदा जागा हिरावून, आणि दुसऱ्यांदा संशय पेरून.

१७/
कायद्याने या गुंत्यावर काढलेला मार्ग पाहण्याजोगा आहे. युरोपीय समुदायाच्या १९९८ च्या शिफारशीनुसार समान नमुना ठरला आणि २००० पासून ब्रिटनमध्ये नारिंगीच्या जागी 'ब्लू बॅज' आला. त्यावर धारकाचे छायाचित्र असते, परंतु बिल्ला लावताना ती बाजू खाली ठेवायची असते. येणाऱ्याजाणाऱ्याला चेहरा दिसत नाही; तपासण्याचा अधिकार पोलीस आणि नियुक्त अधिकारी यांनाच असतो.

१८/
२०१२ मध्ये नक्कल करण्यास अवघड असा नवा बिल्ला आला. २०१३ च्या कायद्याने गैरवापर होत असलेला बिल्ला जागीच ताब्यात घेण्याचे अधिकार स्थानिक प्रशासनाला मिळाले. तपासणी कडक झाली, पण ती अधिकृत हातीच राहिली. रस्त्यावरच्या प्रत्येकाला न्यायाधीश होण्याची मुभा देण्यात आली नाही.

१९/
नंतरचा टप्पा ३० ऑगस्ट २०१९ चा. त्या दिवसापासून इंग्लंडमध्ये न दिसणाऱ्या अपंगत्वालाही ब्लू बॅजच्या निकषांत स्पष्ट स्थान मिळाले. आता केवळ पावले मोजली जात नाहीत. प्रवासात तीव्र मानसिक त्रास वा गंभीर इजेचा धोका असेल, तर स्वमग्नता किंवा स्मृतिभ्रंश असलेली व्यक्तीही पात्र ठरू शकते.

२०/
इतर प्रयोगही याच काळातले. टोकियो महानगर शासनाने २०१२ मध्ये 'हेल्प मार्क' आणला: लाल पट्टीवर पांढरी फुली आणि हृदय. लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर २०१६ मध्ये सूर्यफुलांचे चित्र असलेली हिरवी गळपट्टी सुरू झाली. १९१६ च्या बिल्ल्याशी यांचे साम्य उघड आहे. फरक असा की सैनिकाला अपमान टाळण्यासाठी बिल्ला लावावा लागे. सूर्यफुलाची पट्टी मदत सुलभ व्हावी म्हणून स्वेच्छेने घेतली जाते, आणि आजाराचे नाव सांगण्याची सक्ती नसते.

२१/
भारतातही व्याख्या रुंदावत गेली. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने ते २१ केले. त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन, हिमोफिलिया, थॅलेसिमिया आणि सिकलसेल यांचा समावेश झाला. विदर्भात आणि सातपुड्याच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा घराघरांना परिचित असा आजार आहे. त्याच्या वेदनांची तीव्र कळ येऊन गेली, की तोच माणूस दुसऱ्या आठवड्यात चारचौघांसारखा चालताना दिसू शकतो.

२२/
याच अधिनियमाच्या कलम ९१ नुसार दिव्यांगांसाठीचा लाभ लबाडीने घेणाऱ्यास २ वर्षांपर्यंत कारावास किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. आदर्श इमारत उपविधी, २०१६ प्रमाणे राखीव जागा किमान ३.६ मीटर रुंद आणि प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत हवी. तरतूद कागदावर आहे. प्रत्यक्षात त्या जागेत कुंड्या, जनरेटर किंवा सुरक्षारक्षकाची खुर्ची आढळणे नवलाचे नाही.

२३/
या साऱ्या इतिहासातून दोन गोष्टी निघतात, आणि दोन्ही एकत्रच लागू होतात. पहिली: हक्क नसताना राखीव जागा घेणे ही किरकोळ चूक नव्हे, तो कोणाचे तरी घराबाहेर पडणे रोखण्याचा प्रकार आहे. दुसरी: कोणाला हक्क आहे, हे चालण्यावरून ओळखता येत नाही. परवाना नसेल तर तक्रार व्यवस्थापनाकडे वा वाहतूक पोलिसांकडे करावी. परवाना असेल तर त्या माणसाकडून आजाराचा पुरावा मागण्याचा अधिकार कोणाही वाटसरूला नाही.

२४/
१९१४ मध्ये फोकस्टोनच्या रस्त्यांवर पिसे वाटणाऱ्यांनाही आपण देशाचे भले करत आहोत, असेच वाटत होते. त्यांच्यापाशी समोरच्या माणसाविषयी फक्त एक माहिती होती: त्याच्या अंगावर गणवेश नाही. मोटारीतून उतरून चालत जाणाऱ्याकडे पाहणाऱ्यापाशीही तेवढीच माहिती असते.

(समाप्त)