न जळलेलं तेल

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, न्यू जर्सीकडे जुनं घर विकत घेणाऱ्या मराठी कुटुंबांना घराबरोबर एक अनोळखी यंत्रही मिळतं. तळघरात हजारेक लिटरची तेलाची टाकी, तिच्यातून निघालेली तांब्याची नळी, बॉयलरच्या तोंडाशी बसवलेला घरघरणारा बर्नर आणि वर चिमणी. तळघराच्या जिन्याच्या माथ्यावर लाल पट्टीचं एक बटण असतं. आपल्याकडे घर गरम ठेवायची गरज फारशी कुणाला पडत नाही. त्यामुळे ही सगळी मांडणी नव्या माणसाला गूढ वाटते आणि थोडी भीतीही वाटते. तिचा प्रत्येक भाग कुठून आला हे समजलं, की गूढ उरत नाही. भीती मात्र योग्य जागी जाऊन बसते, आणि तिथे ती असायलाच हवी.

मूळ गोष्ट अशी की तेल द्रवरूपात जळतच नाही. जळते ती त्याची वाफ, तीही हवेत नीट मिसळली तर. त्यामुळे तेल जाळणाऱ्या प्रत्येक यंत्राला आधी तेलाचा पृष्ठभाग वाढवावा लागतो. वातीने ते काम हजारो वर्षं केलं, पण वातीची ताकद तुटपुंजी. एकोणिसाव्या शतकात दोन नव्या वाटा निघाल्या आणि बर्नरच्या कुळाच्या दोन शाखा झाल्या. एक शाखा तेल तापवून त्याची वाफ करते, दुसरी त्याचा बारीक फवारा उडवते.

पहिली शाखा आपल्या घरातलीच. स्वीडनमध्ये १८९२ साली फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी बिनवातीचा, पंपाचा रॉकेल स्टोव्ह तयार केला, तोच प्रायमस. वाटीत स्पिरिट किंवा काकडा पेटवून आधी नळी तापवायची, मग पंप मारायचा. तापलेल्या नळीत रॉकेलची वाफ होते आणि निळी ज्योत फुरफुरते. वायसर सुकला तर त्याला तेल द्यायचं, भोक तुंबलं तर पिन मारायची, हे महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरांना तोंडपाठ होतं. नळी पुरेशी तापली नसताना पंप मारला, तर वाफेऐवजी पातळ रॉकेलच बाहेर येई आणि पिवळा भडका उडे. वर्तमानपत्रांत ‘स्टोव्हचा भडका’ म्हणून छापून आलेले सगळेच अपघात नव्हते, हे आपल्याला ठाऊक आहे. पण खरे अपघातही पुष्कळ होते, कारण या शाखेत ज्योतीवर नजर ठेवणारं माणसाखेरीज दुसरं काहीच नव्हतं.

तळघरातला बर्नर दुसऱ्या शाखेतला. त्याचा जन्म कास्पियन समुद्राकाठी, बाकूला झाला, आणि तोही टाकाऊ मालाच्या विल्हेवाटीतून. जमिनीतून काढलेल्या तेलातून तेव्हा दिव्याचं रॉकेल तेवढं हवं असे. ते काढून घेतल्यावर मागे जो काळा, दाट गाळ उरे त्याला रशियन लोक मझूत म्हणत. तो मुबलक होता, पण वातीने चढेल इतका पातळ नव्हता. उपाय निघाला तो वाफेच्या झोताचा. बॉयलरचीच थोडी वाफ जोरात सोडायची आणि त्या झोताने मझूतचे कण कण करून ते भट्टीत फेकायचे. असे फवारे काही जणांनी बनवले. व्लादिमीर शुखोव या तरुण इंजिनिअरने १८८० मध्ये पेटंट घेतलेला फवारा साधा होता आणि भरवशाचाही.

या इतिहासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा माणूस मात्र थॉमस अर्कहार्ट. दक्षिण रशियातल्या ग्र्याझी–त्सारित्सिन रेल्वेचा तो इंजिनप्रमुख. १८८० च्या दशकात त्याने तिथली इंजिनं मझूतवर आणली आणि १८८४ मध्ये लंडनच्या मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या संस्थेपुढे त्यावर निबंध वाचला. त्याने दोन गोष्टी ओळखल्या होत्या. पहिली, भट्टीत विटांचं बांधकाम हवं. तापून लाल झालेल्या विटा फवाऱ्याला उष्णता देतात आणि ज्योत क्षणभर चुकली तरी ती पुन्हा पेटवतात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: पेटवण्याआधी भट्टीत साचलेली तेलाची वाफ बाहेर काढायलाच हवी, त्यासाठी आधी झोत सोडून भट्टी स्वच्छ करायची आणि मगच आग दाखवायची. तसं केलं नाही तर स्फोट होतो. कोळशाच्या भट्टीला हा नियम लागत नव्हता. न पेटलेला कोळसा नुसता पडून राहतो. न पेटलेलं तेल मात्र गरम भट्टीत वाफ होऊन ठिणगीची वाट पाहतं. ऑइल बर्नरच्या सुरक्षिततेचा सगळा इतिहास या एका धोक्याभोवती फिरतो.

इंग्लंडमध्ये ग्रेट ईस्टर्न रेल्वेच्या जेम्स होल्डेन यांनीही असंच टाकाऊ द्रव्य वापरलं. डब्यांतल्या दिव्यांसाठी तेलापासून गॅस बनवताना उरणारं डांबर ते इंजिनात जाळत. १८९३ मध्ये त्यांच्या एका इंजिनाला ‘पेट्रोलिया’ असं नाव मिळालं. पुढची पायरी जहाजांवर चढली गेली. वाफेने फवारा मारायचा म्हणजे बॉयलरचं गोडं पाणी खर्ची घालायचं, आणि भर समुद्रात ते परवडत नाही. म्हणून वाफ सोडून पंप आला. तेलावर जोराचा दाब द्यायचा आणि बारीक भोकातून ते भोवऱ्यासारखं फिरवत बाहेर काढायचं. आजच्या घरगुती बर्नरचा नोझल हेच करतो. अंगठ्याएवढ्या त्या पितळी तुकड्याच्या आत तिरप्या खाचा असतात. तेल त्यांतून गरगरत जातं आणि शंकूच्या आकाराचं धुकं होऊन बाहेर पडतं. ठरलेला दाब १०० पौंडांचा. दर तासाला किती गॅलन आणि किती अंशांचा शंकू, हे नोझलवरच कोरलेलं असतं. प्रायमसच्या भोकात पिन मारायची सवय असलेल्या माणसाने इथे हात आवरावा. या भोकात तार घातली तर कडा ओरखडते, शंकू वाकडा होतो, तेल भट्टीच्या भिंतीवर आपटून काजळी धरते. नोझल साफ करायचा नसतो, दर हिवाळ्याआधी नवा घालायचा असतो.

घराघरांत हा बर्नर शिरला तो कोळशाच्या टंचाईमुळे. ईशान्य अमेरिका पेनसिल्व्हेनियातल्या कठीण कोळशावर, अँथ्रासाइटवर ऊब घेई. तिथल्या खाणकामगारांचा १९२५ च्या सप्टेंबरपासून १९२६ च्या फेब्रुवारीपर्यंतचा संप नेमका हिवाळ्यावर आला. इलिनॉयच्या ब्लूमिंग्टनमध्ये बनणारा विल्यम्स यांचा ‘ऑइल-ओ-मॅटिक’ आणि त्याच्यासारखे इतर बर्नर तेव्हा बाजारात आलेलेच होते. पहाटे उठून फावडं चालवायला नको, राख उचलायला नको. कितीतरी घरांत कोळशाच्या जुन्याच बॉयलरच्या पोटात बर्नर खुपसला गेला.

पण रेल्वेच्या इंजिनात फायरमन असतो आणि तळघरात कुणीच नसतं. घरचे वर झोपलेले असताना हे यंत्र रात्रीतून कितीतरी वेळा आपणहून पेटतं आणि विझतं. तेव्हा फायरमनचे डोळे, कान आणि अक्कल यंत्रातच घालावी लागली. त्यातली एक युक्ती मला फार आवडते. हवेचा पंखा आणि तेलाचा पंप एकाच मोटरच्या एकाच दांड्यावर बसवले. पंखा बंद आणि तेल चालू, अशी वेळच येऊ नये म्हणून. त्यात एकही वायर नाही, एकही वाल्व्ह नाही, नुसती रचना आहे.

ज्योत पेटली की नाही हे ओळखणं त्याहून अवघड. सुरुवातीचा उपाय असा की धुराच्या नळकांड्यात दोन धातूंची पिळदार पट्टी बसवायची. धूर तापला की ती फिरते आणि आग लागल्याचं कळवते. पण नळकांडं तापायला वेळ लागतो आणि तेवढ्यात तेल सांडतच राहतं. पुढे कॅडमियम सल्फाइडचा प्रकाशसंवेदक आला. उजेड पडला की त्याचा विद्युतरोध झपाट्याने घटतो. तो थेट ज्योतीकडे पाहतो. ठरलेल्या वेळात उजेड दिसला नाही की सगळं बंद होतं आणि कुलूप पडतं. जुन्या नियंत्रकांत ही मुदत साधारण ४५ सेकंदांची होती, नव्यांत १५ सेकंदांची. नव्या नियंत्रकांत आणखी एक सोय असते. आधी काही सेकंद नुसता पंखा फिरतो, भट्टीतली शिळी हवा बाहेर जाते आणि मग तेलाचा वाल्व्ह उघडतो. अर्कहार्टचा नियम इथे विजेच्या रूपात आला आहे.

कुलूप पडलं की नियंत्रकावरचं लाल रिसेट बटण दाबून बर्नर पुन्हा चालू करता येतो. या यंत्राचा माणसाशी येणारा सर्वांत धोक्याचा संबंध हाच. बाहेर बर्फ पडतोय, घर गारठलंय, मुलं कुडकुडतायत, आणि बटण दाबलं की मोटर फिरल्याचा आवाज येतो. माणूस पुन्हा पुन्हा दाबतो. हिशेब करून पाहू. तासाला एक गॅलनचा नोझल असेल, तर ४५ सेकंदांत जवळजवळ ४७ मिलिलिटर तेल आत जातं. पाच वेळा बटण दाबलं की पाव लिटरच्या आसपास न जळलेलं तेल भट्टीत साचतं. सहाव्या वेळी ठिणगी पडली तर ते सगळं एकदम पेटतं. दारं उघडतात, धुराचं नळकांडं निखळतं, घरभर काजळी पसरते, कधी आगही लागते. म्हणून नियम असा: बटण एकदाच दाबायचं. नाही पेटला, तर जिन्यावरचं लाल बटण बंद करून मेकॅनिकला बोलवायचं. ते बटण जिन्याच्या माथ्यावर असण्याचं कारणही हेच. खाली धूर असेल तर वीज तोडण्यासाठी कुणाला खाली उतरावं लागू नये.

हवेची गोष्टही तितकीच गंभीर. थंडी थांबवायला लोक तळघराच्या फटी बुजवतात, बर्नरची खोली बंदिस्त करतात. मग बर्नरला हवा कमी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. त्याचा अलार्म प्रत्येक मजल्यावर हवाच. चिमणीची ओढ वाऱ्यावर आणि थंडीवर कमीजास्त होते, म्हणून नळकांड्याला वजन लावलेली डुलती झडप बसवतात. ओढ वाढली की ती उघडून खोलीतली हवा घेते आणि भट्टीवरचा ओढा सारखा ठेवते. ती नेहमी उघडी दिसते म्हणून काही जण टेप लावून बंद करतात. तसं कधीही करू नये. वर्षाला एकदा मेकॅनिक येतो तेव्हा तो फक्त नोझल आणि फिल्टर बदलून गेला, तर काम अर्धं झालं. धुरात नळी घालून हातपंपाचे दहा झटके मारून गाळणकागदावर डाग उमटवायचा आणि तो ० ते ९ अशा तक्त्याशी ताडून पाहायचा. ही पिट्सबर्गच्या बॅकरॅक कंपनीची जुनी पद्धत आजही चालते. ती न करता नुसत्या ज्योतीच्या रंगावर हवा लावणाऱ्याला मी दुसऱ्यांदा बोलावणार नाही.

टाकीच्या बाजूला नळीवर एक वाल्व्ह असतो. त्यातला मिश्रधातू ७४ अंश सेल्सिअसला वितळतो. तळघरात आग लागली की तो आपोआप बंद होऊन तेल थांबवतो. टाकीच्या हवानळीत एक शिट्टी असते, ती १९३० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या स्कली कंपनीने रुळवली. टँकरवाला बाहेरून तेल भरत असताना टाकीतली हवा निघताना शिट्टी वाजते. तेल वर आलं की शिट्टी थांबते आणि तोही भरणं थांबवतो. शिट्टी वाजलीच नाही तर तेल भरू नये, ही त्या धंद्याची शिस्त आहे.

आता ही व्यवस्था हळूहळू निवृत्त होते आहे. नॉर्वेने २०२० पासून इमारती तापवायला खनिज तेल वापरायला बंदी घातली. अमेरिकेतही अनेक जण तेल सोडून हीट पंपाकडे वळत आहेत. टाकी काढताना एक काम मात्र राहून जातं. बाहेरच्या भिंतीवर तेल भरायच्या नळीचं झाकण तसंच राहतं. पत्ता चुकलेला टँकरवाला तिथे होज लावतो, आणि टाकी नसलेल्या तळघरात शेकडो लिटर तेल ओततो. असे अपघात झालेले आहेत, आणि त्या घरांची माती उपसावी लागली आहे. म्हणून टाकी काढणाऱ्याचा हिशेब चुकता करण्याआधी बाहेर जाऊन भिंत पाहावी. नळी भिंतीतून पूर्ण काढलेली आणि भोक सिमेंटने बुजवलेलं असायला हवं. नुसतं झाकण घट्ट करून भागत नाही.