युनिकोड : मराठी ब्लॉगलेखनाचा पाया

संगणक प्रत्येक अक्षर क्रमांकाच्या रूपात साठवितो. पूर्वी मराठी फॉन्ट बनविणाऱ्या कंपन्या हे क्रमांक आपापल्या पद्धतीने ठरवीत. त्यामुळे एका फॉन्टमधील मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांसारखा दिसे; शोधयंत्रांनाही तो मराठी म्हणून ओळखता येत नसे. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या प्रमाणप्रणालीत देवनागरीसाठी १२८ स्थानांचा स्वतंत्र गट राखून ठेवण्यात आला. पुढे विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय अंगभूत मिळाली आणि हौशी ब्लॉगलेखकांची फॉन्टच्या जाचातून सुटका झाली. मात्र जुन्या फॉन्टमधील लेखन परिवर्तकाच्या साह्याने वेळीच युनिकोडमध्ये आणणे अगत्याचे आहे. अन्यथा फॉन्टबरोबर तेही वाचकांना दुरावेल.