वऱ्हाडातील स्त्री : कष्ट, व्यायाम आणि विसावा

स्त्रियांनी व्यायाम करावा, असा उपदेश हल्ली सर्वत्र ऐकू येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांना आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगितली. मेहकरच्या शिवारात कापूस वेचणारी बाई हा हिशेब पहिल्याच दिवशी पुरा करते. तरीही तिची पाठ अकाली वाकते. मग कोणत्या स्त्रीने किती हालावे, हे ठरवतो कोण? बुलढाणा जिल्ह्याचा इतिहास याचे उत्तर देतो, असे आम्हांस वाटते.

खामगावला १८७० साली रेल्वेचा फाटा आला, कापसाची पेठ वाढली, पुढे जिन-प्रेस उभे राहिले. रेच्यात कापूस घालण्याचे काम बायांकडे आले. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांचा दिवस अकरा तासांचा ठरविला. पण थोडे महिने चालणारे हंगामी कारखाने त्यातून सुटले. ते १९११ साली कायद्याखाली आले, आणि तेव्हाही स्त्रियांच्या रात्रपाळीची बंदी जिनांपुरती सैल ठेवली गेली. कारण उघड आहे : माल हंगामातच निघायचा आणि बाईची मजुरी स्वस्त होती. तेथे शरीर हालत होते, पण त्याच्या गतीवर मालकी यंत्राची होती.

याच जिल्ह्यात दुसरी स्त्री उंबरठ्याआड होती. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ साली छापले गेले. स्त्रीला एक न्याय आणि पुरुषाला दुसरा, हा त्यांचा सवाल होता. प्रतिष्ठित घराण्यातील बाईने मोकळेपणी बाहेर पडणे हेच तेव्हा अब्रूला बाधक मानले जाई. सिंदखेडराजा हे जिजाऊंचे जन्मगाव. त्यांचा गौरव आपण करतो, पण आपल्या लेकीला मैदान देताना हात आखडतो. मजूर बाईला विसावा नाही, घरंदाज बाईला वाव नाही. दोघींच्या शरीरावर हुकूम दुसऱ्याचाच.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रभर हजारो बाया खडी फोडायला आणि मातीची घमेली वाहायला कामांवर आल्या. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला. कामावर पिण्याचे पाणी आणि मुलांसाठी सावली असावी, ही सोय त्या योजनेत धरली होती. श्रमाबरोबर सावलीचाही हिशेब करावा लागतो, हे सरकारदरबारी मान्य झाले, ही गोष्ट लहान नव्हे.

आमच्या युनियनच्या सभांना बाया उशिरा येतात, कारण दिवसभराच्या मजुरीनंतर त्यांना पाणी भरायचे असते आणि चूलही पेटवायची असते. त्यांना आळशी म्हणणाऱ्याने एक दिवस ते हंडे उचलून पाहावेत. उलट शहरात दिवसभर बसून काम करणाऱ्या मुलीला चालायला सुरक्षित रस्ता आणि खेळायला मैदान हवे. दोघींना एकच उपदेश पुरत नाही.

म्हणून गावात स्त्रियांसाठी व्यायामशाळा काढण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात : नळाला पाणी केव्हा येते, मजुरी किती पडते, पोटात काय जाते, आणि संध्याकाळचा एक तास तिचा स्वतःचा आहे काय? तो तास मिळवून देणे हे संघटनेचे काम आहे. त्या तासात धावायचे की निवांत बसायचे, हे तिने ठरवावे.